ऊन, वाण आणि तुडतुडा

शहापूरहून शेणव्याच्या रस्त्याने डोळखांबला जावे, तिथून पुढे डेहण्याकडे आजोबाच्या पायथ्याशी पोचावे, तर आश्विनात दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पिवळी पडू लागलेली दिसतात. हा पिवळा रंग पिकल्याचा. पण काही वर्षी याच खाचरांच्या मधोमध दुसराच रंग दिसतो, जळक्या पेंढ्याचा. ताटाएवढे, मग खळ्याएवढे, मग अर्ध्या खाचराएवढे गोल डाग. जवळ जाऊन चूड हलवला की बुंध्यापासून तपकिरी किडे टणाटण उडतात, कपड्यांवर बसतात, पाण्यावर पडतात. हे तपकिरी तुडतुडे. लोंबी भरायच्या ऐन दिवसांत ते बुंध्यातला रस पितात आणि आठवड्याभरात उभे पीक वाळून जाते.

डोळखांब, किन्हवली, सरळगाव, मुरबाड या पट्ट्यात भाताच्या जुन्या वाणांविषयी माहिती गोळा करताना मी अनेकांना विचारले, हा किडा कधीपासून? उत्तरे वेगवेगळी मिळाली. कारण मात्र सगळ्यांनी एकच सांगितले: "गरमी वाढली." तालुक्याच्या कचेरीत हेच ऐकले, एसटीच्या थांब्यावर हेच, आणि वर्तमानपत्रांतही हेच असते. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग इतिहासात आहे. या लेखात तोच शोधायचा आहे.

आधी किड्याची ओळख. १८५४ साली कार्ल स्टॉल या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि त्याला 'ल्यूजन्स' हे विशेषण दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शोक करणारा. पुढे १९०६ मध्ये डिस्टंट या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कीटकांच्या ग्रंथमालेत 'नीलपर्वता' ही प्रजाती उभी केली, आणि आज या किड्याचे शास्त्रीय नाव नीलपर्वता ल्यूजन्स आहे. निळ्या डोंगराचे नाव आणि शोकाचे विशेषण! नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, पण सह्याद्रीच्या पायथ्याशी करपलेल्या खाचराकडे पाहताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

हा किडा चार-पाच मिलिमीटरचा. मादी भाताच्या खोडात दोन-तीनशे अंडी घालते. त्याची दोन रूपे असतात. पीक कोवळे आणि जागा मोकळी असली की आखूड पंखांच्या माद्या जास्त निपजतात. त्यांना उडता येत नाही, पण अंडी त्या भरपूर घालतात. गर्दी झाली, पीक जून झाले, की लांब पंखांचे किडे निपजतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन दुसरीकडे जातात. एकच जीव आधी संसार वाढवतो आणि मग देशांतराला निघतो.

आता उन्हाचा हिशेब. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण २५ अंश तापमानाला चार आठवडे लागतात. २८-२९ अंशांना तीन आठवड्यांच्या आसपास. २० अंशांना दीड महिना. लावणीपासून कापणीपर्यंतचे पाऊणशे-पंचाऐंशी दिवस धरले, तर पहिल्या हिशेबाने तीन पिढ्या बसतात आणि दुसऱ्याने चार. ही एक जादा पिढी कागदावर क्षुल्लक वाटते. पण कोळी, ढेकूणवर्गीय शिकारी किडे, पाऊस हे सगळे वजा जाता प्रत्येक पिढीत संख्या दसपट होते असे समजा. तीन पिढ्यांत एका मादीच्या हजार होतात, चार पिढ्यांत दहा हजार. लोक 'गरमी' म्हणतात ती एवढ्या मोलाची आहे.

पण गरमीच कारण असती, तर हा किडा नेहमीच उष्ण प्रदेशाचा शाप असायला हवा होता. इतिहास तसे सांगत नाही. तुडतुड्यांच्या उपद्रवाच्या सर्वांत जुन्या आणि भीषण नोंदी थंड हवेच्या जपानातल्या आहेत. १७३२ मध्ये पश्चिम जपानात पडलेला क्योहो दुष्काळ तुडतुड्यांनी आणला असे मानले जाते. तिथले शेतकरी खाचरातल्या पाण्यावर देवमाशाचे तेल ओतायचे आणि झाडे झोडपून किडे त्यात पाडायचे. जपानच्या हिवाळ्यात हा किडा जगत नाही. मग दर उन्हाळ्यात येतो कुठून? हे कोडे १९६७ च्या जुलैत उलगडले. जपानच्या दक्षिणेला भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामानखात्याच्या जहाजावर तुडतुड्यांचे थवेच्या थवे येऊन पडले. जमीन तिथून शेकडो किलोमीटर दूर होती. किडे वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडत होते.

आणि हिंदुस्थानात? आपल्याकडच्या भातशेतीत विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत तपकिरी तुडतुडा हा दुय्यम किडा होता. ऊन होते, दमटपणा होता, भातही होते. मग तो आवरला कशाने?

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ चे. त्यात भाताची विभागणी आजही डोळखांबला ऐकू येते त्याच शब्दांत आहे: हळवे आणि गरवे. उंचावरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरांत हळवे, म्हणजे लवकर येणारे. सखल, पाणथळ जागी गरवे, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे येणारे. मधल्या जागी निमगरवे. एका घरची दीड-दोन एकर जमीनसुद्धा अशी तीन पायऱ्यांत वाटलेली, आणि प्रत्येक पायरीवर वाण वेगळा: कोळपी, कोलम, राजगुडा, महाडी, डांगी, काळभात, खाऱ्या जमिनीत राता. बी घरचे. शेजारणीकडून आणलेले, माहेराहून आलेले, साखरपुड्याच्या भेटीत मिळालेले. एकाच 'कोळपी' नावाखाली दोन गावांत दोन वेगळी भाते असत आणि एकाच पोत्यातल्या दाण्यांतही भेद असे.

सरकारी कागदांत या विविधतेला यादीपलीकडे स्थान नाही. सरकारचे लक्ष दुसरीकडे होते. रोपांसाठी जमीन भाजायचा जो राब, त्याला लागणाऱ्या फांद्या जंगलातून तोडू द्यायच्या की नाही, यावर ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८९३ मध्ये आलेल्या व्होल्करच्या शेतीविषयक अहवालातही राबाची चर्चा आहे. राबात काय जळते यावर पानेच्या पाने आहेत, राबावर कोणते बी पडते यावर मात्र चारदोन ओळी. १९१९ मध्ये कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झाले आणि स्थानिक कोलमांतून निवड करून सुधारित वाण निघाले, तेव्हा कुठे बियाण्याकडे शास्त्राची नजर गेली.

जुनी भाते किडीला अभेद्य होती असे मी म्हणत नाही. आजकाल देशी वाणांविषयी भाविकपणे लिहायची जी पद्धत पडली आहे तिच्याशी माझे जमत नाही. त्यांतली अनेक भाते तुडतुड्याला आवडीचीच असणार. उंच वाढून पावसात लोळणारी, खत दिले तर आणखी लोळणारी, एकरी थोडकी पिकणारी ही भाते होती. त्यांचा गुण एकेका वाणात नव्हता. तो त्यांच्या शेजारपणात होता. किड्याला एका खाचरात मानवेल ते पुढच्या खाचरात मानवेलच असे नव्हते. आणि दुसरा पहारेकरी होता उन्हाळाच. कोरडवाहू पट्ट्यात मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत शेतात भाताचे हिरवे खोड दिसत नसे. तुडतुडा भातावाचून दुसऱ्या कशावर धड जगत नाही. चैत्र-वैशाखात भेगाळलेली खाचरे हाच त्याचा उपवास होता. म्हणजे ज्या उन्हाला आज आपण दोष देतो, तेच ऊन सहा महिने राखण करत होते.

हे सगळे बदलायला पाच-सहा वर्षे पुरली. १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा बुटका वाण दिला. इंडोनेशियाचा उंच पेटा आणि तैवानचा बुटका डी-जिओ-वू-जेन यांचा तो संकर. खत पचवायचा, लोळायचा नाही. आपल्याकडे १९६८ मध्ये त्याच बुटक्या घराण्यातला जया आला. ठाण्या-रायगडात जयाचे नाव अजून आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना एकरी चार पोती जास्त म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. डोळखांबच्या एका आजींनी मला सांगितले की जया येईपर्यंत त्यांच्या घरी होळीनंतर भात शिजत नसे, नागली-वरईवरच पावसाळा गाठायचा. बुटक्या भाताला नावे ठेवणाऱ्याने आधी या वाक्याला उत्तर द्यावे.

पण त्या भाताबरोबर तीन गोष्टी आल्या. शेजारी शेजारी मैलोगणती एकच वाण. दाट फुटवे आणि युरिया, म्हणजे बुंध्याशी सावली, ओल आणि किड्याला पौष्टिक रस. आणि जिथे कालव्याचे पाणी पोचले तिथे उन्हाळी भात, म्हणजे किड्याचा उपवास सुटला. १९७३-७४ मध्ये केरळात तुडतुड्याने हजारो हेक्टर भात करपवले. इंडोनेशियात १९७६-७७ मध्ये साडेचार लाखांहून अधिक हेक्टरांना झळ बसली. या चार-पाच वर्षांत आशियाचे तापमान काही अंशांनी चढले नव्हते. ऊन होते तेच होते. दार उघडले होते ते माणसाने.

यानंतरची हकिगत या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोधक भाग आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. फिलिपिन्समधल्या संशोधकांनी हजारो वाण तपासले तेव्हा मुडगो नावाच्या भारतीय भातावर तुडतुडा तग धरत नाही असे आढळले. त्याचा प्रतिकार एका जनुकात होता. तो घालून १९७३ मध्ये आयआर-२६ वाण सोडला गेला. इंडोनेशिया-फिलिपिन्सने सुटकेचा निःश्वास टाकला. दोन-तीन वर्षांत तोच वाण करपू लागला. झाले होते ते असे. कोट्यवधी तुडतुड्यांत मुडगोचे जनुक पचवू शकणारे मूठभर किडे आधीपासून होते. चौफेर आयआर-२६ च उभा राहिल्यावर बाकीचे उपाशी मेले आणि या मूठभरांच्या लेकुरवाळ्या पिढ्यांनी रान व्यापले. प्रयोगशाळेत अशा भातावर किडे पोसले तर दहाएक पिढ्यांत हा बदल होतो. शेतात तो अडीच-तीन वर्षांचा हिशेब.

मग दुसरे जनुक घेऊन १९७६ मध्ये आयआर-३६ आला. काही वर्षांत तो जगातल्या सुमारे एक कोटी दहा लाख हेक्टरांवर पसरला. इतक्या मोठ्या भूमीवर एकाच वाणाचे भात माणसाने त्याआधी कधी लावले नव्हते. त्यालाही काही वर्षांनी किड्याने उत्तर शोधले. आणि गंमत म्हणजे आयआर-२६ भारतात पहिल्यापासूनच तुडतुड्यापुढे टिकला नाही. इथले किडेच वेगळे होते. मुडगो ज्या देशाचा, त्या देशातल्या किड्याला मुडगोची ओळख जुनी असणार, असे मला वाटते.

किड्याच्या वंशातली ही विविधता त्याने स्वतः कमावलेली नाही. वारा ती राखतो. लांब पंखांचे किडे कुठून कुठून येतात, मिसळतात. म्हणून त्यांच्या साठ्यात कुठल्याही संकटाला पुरून उरणारे चार जण सापडतातच. आपण नेमके उलट केले. भाताची घराणी कमी कमी करत एका ओंजळीत आणली आणि तिच्याशी झुंजायला असा वैरी उभा राहिला, ज्याची ओंजळ दर मोसमात भरते. संख्येची वाढ नुसत्या उन्हावर ठरत नाही. बदलत्या परिस्थितीत वाढत राहायचे तर वंशात निवडीला वाव लागतो. तो किड्याकडे राहिला आणि पिकाकडचा गेला.

याच काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तुडतुडा रस पितापिता भातात एक विषाणूही सोडतो, त्याने झाड गवतासारखे खुरटते. या रोगाला तोंड देणारे भात शोधताना सहा हजारांवर नमुने तपासले गेले. उपयोगी पडला एकच. उत्तर प्रदेशातून गोळा केलेला एक रानभात. त्याच्या जातीचे नाव निवारा, म्हणजे आपला संस्कृतातला नीवार, मराठीतले देवभात. तळ्याकाठी आपोआप उगवणारे, कुसळांचे, दाणे झडणारे, शेतकरी तण म्हणून उपटतो ते. गुरदेव खुश यांच्या चमूने त्याचे जनुक भातात आणले आणि पुढच्या वाणांना ते कवच मिळाले. सहा हजारांत एक. तो नमुना गोळा करणाऱ्याने त्या दिवशी आळस केला असता तर काय, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.

दुसरी वाट फवाऱ्याची. इंडोनेशियात सरकारने कीटकनाशकांवर भरघोस अनुदान दिले आणि तुडतुडे वाढतच गेले, कारण औषधाने आधी मरत ते कोळी आणि अंडी खाणारे किडे. तुडतुड्याची अंडी खोडाच्या आत सुरक्षित. शेवटी नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही संपवले. शेतकऱ्यांना कोळी ओळखायला शिकवणाऱ्या शेतीशाळा तिथूनच सुरू झाल्या. लष्करी राजवटीच्या हातून घडलेले हे शहाणपण इतिहासात फार कमी ठिकाणी नोंदले जाते. आपल्याकडे तो धडा पोचला, पण उशिरा आणि विरळ. दरम्यान नव्या पिढीतले इमिडाक्लोप्रिड आले आणि २००३-०५ च्या सुमारास आशियात त्यालाही दाद न देणारे तुडतुडे निघाले. पुन्हा तेच मूठभर.

आता गरमीकडे परत येऊ, कारण तिला निर्दोष सोडायचे नाही. १९७९ ते २००३ या काळात फिलिपिन्सच्या त्याच संस्थेच्या आवारात दिवसाचे कमाल तापमान ०.३५ अंशाने वाढले, पण रात्रीचे किमान १.१३ अंशाने. रात्र उबदार झाली की भात श्वासोच्छ्वासात आपली कमाई खर्च करते आणि उत्पन्न घटते. तुडतुड्याला मात्र उबदार रात्र मानवते, कारण त्याच्या वाढीचे घड्याळ रात्रीही चालू असते. पण त्यालाही वरची मर्यादा आहे. या किड्याच्या पोटात किण्वासारखे सूक्ष्म सहजीवी असतात. भाताच्या रसात नसलेली पोषकद्रव्ये ते त्याला पुरवतात आणि आईकडून अंड्यात जातात. ३५ अंशांच्या आसपासची उष्णता सतत लागली की हे सहजीवी मरू लागतात, माद्यांची अंडी घटतात, पिल्ले जगत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. तापमान वाढेल तसे गहू, मका, भात तिन्हींचे किडीमुळे होणारे नुकसान वाढेल. पण भाताच्या बाबतीत तीन अंशांच्या पुढे ही वाढ मंदावेल, कारण भात उष्ण प्रदेशात होते आणि तिथले किडे सोसता येईल त्या सीमेशी आधीच पोचलेले आहेत.

यावर कुणी हुश्श करू नये. ३५ अंश सोसू शकणारे मूठभर किडे त्या साठ्यात नसतील याची खात्री कोण देणार? आणि त्याच उन्हात फुलोऱ्यातले भात वांझ होऊन लोंब्या पोचट राहतात. त्या शर्यतीत कोण आधी धापा टाकेल हे उन्हापेक्षा वाणांवर ठरेल.

२०१७ च्या खरिपात भंडारा-गोंदियाकडे धानावर तुडतुडा आला आणि कापसाच्या बोंडअळीबरोबर त्याच्याही नुकसानभरपाईचे सरकारी आदेश निघाले. आमच्या भागात एवढा गाजावाजा होत नाही. खाचरे लहान, सातबाऱ्यावर नावे बारा, पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत पेंढाही गुरांपुढे गेलेला. पण करपलेल्या खाचराचा परिणाम दिसतो तो दिवाळीनंतर. कातकरी आणि ठाकूर कुटुंबे एरवीही वीटभट्ट्यांवर जातात. ज्या घराने भात वाट्याने केले आणि ते गेले, त्या घराची माणसे उचल घेऊन लवकर निघतात, आणि मुले शाळेच्या हजेरीतून दुसऱ्या सत्राला गळतात. किड्याच्या चौथ्या पिढीचा हिशेब शेवटी या हजेरीपटात उतरतो.

विविधता उरलीच नाही असे नाही. शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भाव मिळाला, आणि बाजारात दुसऱ्याच तांदळाला कोलम म्हणून विकायची चढाओढही लागली. जव्हारकडे बाएफने गावकऱ्यांबरोबर देशी भातांच्या बीजपेढ्या उभ्या केल्या आहेत. तिथल्या मडक्यांतून आणि टोपल्यांतून डांगी, महाडी, राजगुडा अजून फुटतात. चीनच्या युनान प्रांतात दोन वाणांचे भात ओळीआड लावून करपा रोग फार मोठ्या प्रमाणात घटवल्याचा प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तो रोग बुरशीचा, किडा नव्हे, तरी शेजारपणाचे तत्त्व तेच. कर्जतचे केंद्र आमच्यापासून एका डोंगराआड आहे. तिथल्या वाणांचे मिश्रण डोळखांबच्या तीन पायऱ्यांच्या खाचरांत कसे बसवायचे हा संशोधनाचा विषय व्हायला हवा, असे माझे मत आहे. पीक-प्रात्यक्षिकाच्या पाटीवर एकच वाण असतो. तीन वाणांची पाटी मी अजून पाहिलेली नाही.

मृग लागायच्या आधी मुरबाडच्या बियाण्यांच्या दुकानात गर्दी असते. गिऱ्हाईक आजही पहिला प्रश्न तोच विचारते, हळवे की गरवे? दुकानदार पिशवी उलटी करून मागचा आकडा वाचतो: एकशे पंधरा दिवस, एकशे पस्तीस दिवस. गेल्या ज्येष्ठात तिथे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी एक पिशवी घेतली आणि दुकानदाराला म्हणाल्या, वरच्या तुकड्याला घरचे कोळपी आहे, ते राहू दे. कशाला, असे त्याने विचारले. त्या म्हणाल्या, पोह्यांना.